स्वयंसेवी शोध व बचाव पथकांसाठी प्रशिक्षण मानक आणि प्रमाणन : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

मसुदा समितीची पहिली बैठक आज झाली. सहभागी पथकांनी आपापले प्रशिक्षणक्रम आधीच पाठवले होते आणि ते सगळे एकाच साच्यात लिहिलेले निघाले : प्रथमोपचार इतके तास, दोरकाम इतके तास, नकाशावाचन इतके तास. तास संपल्यावर स्वयंसेवकाला नेमके काय करता आले पाहिजे, हे एकाही कागदावर नव्हते. हजेरी भरली की प्रमाणपत्र मिळते आणि ते पुढे कायम चालते.

हे काम आम्ही का हाती घेतले, ते येथे लिहून ठेवतो. गेल्या वर्षी एका संयुक्त शोधमोहिमेत दोन पथकांनी शेजारशेजारचे विभाग वाटून घेतले होते. त्यांपैकी एका विभागावर ‘तपासून झाला’ असा शेरा पडला आणि शोध पुढे सरकला. बेपत्ता झालेल्या वृद्ध बाई तीन रात्रींनंतर त्याच विभागातल्या काटेरी जाळीत सापडल्या; सुदैवाने जिवंत होत्या. नंतर विचारपूस केली तेव्हा कळले की एका पथकाच्या लेखी ‘तपासून झाला’ याचा अर्थ पायवाटा आणि ओढे पाहून झाले एवढाच होता, तर दुसऱ्या पथकाच्या लेखी माणसांची रांग धरून सगळी जमीन पिंजून काढली असा होता. कोणी खोटे बोलले नव्हते आणि कोणी कामात कुचराईही केली नव्हती. त्या तीन रात्री माझ्या मनातून जात नाहीत, म्हणून या नोंदी मी स्वतः ठेवणार आहे.

१९ जानेवारी

इतरत्र हे काम कसे उभे राहिले, याचे वाचन सुरू केले. १९८५ चा मेक्सिकोतील आणि १९८८ चा आर्मेनियातील भूकंप, या दोन आपत्तींत देशोदेशींची पथके मदतीला धावली, पण त्यांची कामाची पद्धत आणि शब्द जुळत नव्हते. त्या अनुभवातून १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली ‘इन्साराग’ हा आंतरराष्ट्रीय शोध व बचाव सल्लागार गट स्थापन झाला. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव ५७/१५० संमत करून या कामाला पाठबळ दिले आणि २००५ पासून पथकांचे बाहेरच्या परीक्षकांकडून वर्गीकरण सुरू झाले. मध्यम दर्जाच्या पथकाला एका ठिकाणी चोवीस तास असे सात दिवस, तर अवजड दर्जाच्या पथकाला दोन ठिकाणी चोवीस तास असे दहा दिवस काम करता आले पाहिजे, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षेला उभे राहावे लागते.

ही चौकट कोसळलेल्या इमारतींसाठीची आहे आणि आमची बहुतेक पथके रानात, डोंगरात हरवलेल्यांना शोधतात, त्यामुळे ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. आम्हाला अधिक जवळचे उदाहरण अमेरिकेतील ‘माउंटन रेस्क्यू असोसिएशन’ या १९५९ साली माउंट हूड येथे स्थापन झालेल्या संघटनेचे वाटले, कारण तेथे स्वयंसेवी पथकांची परीक्षा इतर स्वयंसेवी पथकेच घेतात. दोन्ही ठिकाणी परीक्षा पथकाची होते. व्यक्तीची परीक्षा घ्यायची की पथकाची, हा प्रश्न आमच्या बैठकीत अजून कोणी मांडलेलाही नाही. पुढच्या वेळी तो मीच मांडणार आहे.

२ फेब्रुवारी

प्रत्येक कौशल्य तीन गोष्टी सांगून लिहायचे असे ठरले : उमेदवाराने कोणती कृती करायची, कोणत्या परिस्थितीत करायची, आणि ती कोणत्या कसोटीला उतरली म्हणजे पुरे. जुन्या मसुद्यातले ‘होकायंत्राचे ज्ञान असावे’ हे वाक्य आज आम्ही या रीतीने नव्याने लिहिले. उमेदवाराने रात्री, जीपीएस न वापरता, १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दाखवलेल्या बिंदूपासून एक किलोमीटर चालून दिलेल्या ठिकाणाच्या ५० मीटरच्या आत पोहोचले पाहिजे.

५० मीटर हा आकडा कुठून आला, असे एका सदस्याने विचारले आणि तो प्रश्न अगदी रास्त होता. दिशेत एक अंशाची चूक झाली तर किलोमीटरभर चालल्यावर माणूस सुमारे १७ मीटर बाजूला जातो. हातातल्या साध्या होकायंत्राने सवयीच्या माणसाचीही तीनेक अंशांची चूक होऊ शकते, म्हणजे सुमारे ५२ मीटर. यापेक्षा कडक कसोटी लावली तर आम्ही माणसाला साधनाच्या दोषासाठी नापास करू. सैल लावली तर, जेथे नकाशावरची उत्तर दिशा आणि होकायंत्राची उत्तर दिशा यांत मोठा फरक असतो तेथे तो हिशेबात घ्यायला विसरलेला माणूसही उत्तीर्ण होऊन जाईल. मानकातल्या प्रत्येक आकड्यामागे असे कारण लिहून ठेवायचे, असा नियम यातून झाला. ज्या आकड्याला कारण सापडणार नाही तो काढून टाकायचा.

१६ फेब्रुवारी

शोधाचा घटक आज दिवसभर चालला, आणि तो चालायलाच हवा होता, कारण या प्रकल्पाचा उगमच त्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधाचे गणित मांडताना बर्नार्ड कूपमन यांनी जी मांडणी केली, तीच पुढे जमिनीवरच्या शोधालाही लागू झाली. शोधकाची नजर सरासरी किती रुंदीचा पट्टा परिणामकारकपणे झाडते, ती रुंदी घ्यायची. सर्व शोधक मिळून किती अंतर चालले त्याने तिला गुणायचे. आणि विभागाच्या क्षेत्रफळाने भागायचे. समजा हा पट्टा २० मीटरचा आहे, पाच शोधक प्रत्येकी दोन किलोमीटर चालले आणि विभाग २० हेक्टरचा आहे. म्हणजे भागाकार बरोबर एक येतो. अशा वेळी विभागात असलेली व्यक्ती सापडण्याची शक्यता शंभर टक्के असेल असे कोणालाही वाटेल; प्रत्यक्षात ती सुमारे ६३ टक्के असते, कारण माणसांचे पट्टे कुठे एकमेकांवर चढतात आणि कुठे फटी राहतात. श्रम दुप्पट केले तरी ती सुमारे ८६ टक्क्यांपर्यंतच जाते.

दुपारी आम्ही स्वतःवरच प्रयोग केला. झुडपांच्या पट्ट्यात मातकट रंगाचे कपडे आणि काही भडक रंगाचे हातमोजे ठेवून अनुभवी शोधकांना सोडले. परत आल्यावर त्यांना विचारले की काही सुटले असेल का, तेव्हा बहुतेकांनी ठामपणे नाही म्हटले. मातकट कपडे मात्र तसेच पडून होते. मीही त्या रांगेत होतो आणि त्यातल्या एका सदऱ्याच्या अगदी जवळून गेलो होतो.

यावरून मानकात दोन गोष्टी घातल्या. पहिली अशी की शोधकाने परतल्यावर आपल्या खात्रीची टक्केवारी सांगायची नाही. दोन शोधकांतले अंतर, उजेड, झाडोरा, चालण्याचा वेग आणि हाका मारून थांबण्याची ठिकाणे सांगायची. त्यावरून शक्यता काढणे हे शोधप्रमुखाचे काम आहे. दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : विभागातल्या कोणत्या भागात आपण गेलो नाही आणि का गेलो नाही, हे सांगितल्याशिवाय अहवाल पूर्ण धरला जाणार नाही. ‘तपासून झाला’ हा शेरा अहवालाच्या नमुन्यातून काढून टाकला आहे.

२ मार्च

दोरकामावर मतभेद झाले. एका पथकाचा आग्रह होता की कोणती गाठ कुठे वापरायची हे मानकानेच ठरवावे. दुसऱ्याचे म्हणणे होते की परिणाम सांगावा आणि पद्धत पथकावर सोडावी. दुसरी बाजू तत्त्वतः मला पटते. बिले यंत्रणा, म्हणजे मुख्य दोर सुटला तर भार झेलणारी दोराची व्यवस्था, पुरेशी आहे का, हे पाहण्यासाठी कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात ऐंशीच्या दशकात जी कसोटी तयार झाली, ती कोणत्याही साधनाचे नाव न घेता परिणामच मोजते : तीन मीटर दोरावर २०० किलोचा भार एक मीटर खाली सोडायचा, तो आणखी एका मीटरच्या आत थांबला पाहिजे आणि झटका १५ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये.

पण दोन पथके एकाच अँकरवर, म्हणजे दोर ज्याला बांधतात त्या आधारावर, काम करू लागतात तेव्हा एकाने बांधलेले दुसऱ्याला नजरेने तपासता आले पाहिजे, आणि अनोळखी गाठ अंधारात तपासता येत नाही. म्हणून मोजक्या गाठी आणि तोंडी आज्ञा सर्वांसाठी समान ठेवल्या, बाकीचे पथकांवर सोडले. शिवाय उमेदवाराने अँकरच्या दोन बाजूंमधला कोन पाहून भार कसा वाटला जाईल हे सांगायचे आहे : ६० अंशांना प्रत्येक बाजूवर भाराच्या सुमारे ५८ टक्के, ९० ला ७१ टक्के, आणि १२० अंशांना प्रत्येक बाजूवर पूर्ण भार. हे पाठांतराने येते खरे, पण आम्ही मुद्दाम चुकीचा बांधलेला अँकर समोर ठेवून विचारणार आहोत.

९ मार्च

प्रथमोपचाराचा घटक लवकर संपला, कारण वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे तयार आहेत आणि त्यांत आम्ही हात घालण्याचे कारण नाही. फक्त मुदतीबद्दल चर्चा झाली. हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचे (सीपीआर) कौशल्य शिकल्यानंतर तीन ते सहा महिन्यांतच ढिले पडू लागते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा दोन वर्षांतून एकदा दिवसभर बसवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी वीस मिनिटांचा सराव ठेवला. थंडीने गारठलेल्या माणसाला आडवेच ठेवायचे आणि अगदी हळुवार हाताळायचे, हा मुद्दा वैद्यकीय घटकातून काढून स्ट्रेचरच्या घटकात नेला, कारण हिसका देण्याची चूक तेथेच होते आणि अशा माणसाच्या हृदयाची लय तेवढ्यानेही बिघडू शकते.

२३ मार्च

लेखी परीक्षेच्या नमुन्यावर आज एक गंभीर गोष्ट समोर आली. एका पथकातले ज्येष्ठ मागकाढे, ज्यांच्या डोळ्यांवर अर्धे पथक विसंबून असते, त्यांनी कोरा कागद परत दिला आणि म्हणाले, “दादा, उत्तर मला येतं, लिहायची सवय राहिली नाही.” त्यांना तीच प्रश्नपत्रिका तोंडी विचारली, तेव्हा त्यांची उत्तरे ऐकून आम्हाला दोन प्रश्न दुरुस्त करावे लागले.

वैद्यकीय शिक्षणातील जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे, आणि प्रत्यक्ष कामात करणे. आमची लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबते, तरी जुन्या मसुद्यात तिला निम्मे गुण होते. आता ती केवळ प्रवेशाची पायरी राहील, तोंडी देण्याची मुभा सर्वांना असेल आणि त्यासाठी कारण सांगावे लागणार नाही. जुन्या स्वयंसेवकांना प्रशिक्षणवर्गातून सूट मिळेल, परंतु प्रात्यक्षिकातून कोणालाही मिळणार नाही. हा निर्णय ऐकून काही ज्येष्ठ नाराज झाले. मी त्यांच्याशी बराच वेळ बोललो. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो किती ताजा आहे हे त्यांच्यासोबत उतरणाऱ्या नवख्या मुलीला कळायला दुसरा मार्ग नाही.

१३ एप्रिल

पहिली चाचणी परीक्षा झाली. प्रत्येक उमेदवाराकडे दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता पाहायचे, अशी व्यवस्था होती. संध्याकाळी पत्रके जुळवली तेव्हा बहुतेक निकाल सारखे दिसले आणि खोलीत समाधान पसरले. मला ते समाधान टिकवता आले नाही, याचे वाईट वाटते, पण हिशेब वेगळे सांगत होता.

दोन परीक्षक दहापैकी नऊ जणांना उत्तीर्ण करणारे असतील, तर त्यांनी डोळे मिटून निकाल दिले तरी ८२ टक्के वेळा त्यांचे एकमत होईल : नऊ दशांश गुणिले नऊ दशांश, अधिक एक दशांश गुणिले एक दशांश. अशा वेळी ८५ टक्के एकमत दिसले तर योगायोगापलीकडचे त्यात फारसे काही उरत नाही. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये यासाठीच कप्पा हा निर्देशांक मांडला, आणि वरच्या उदाहरणात तो जेमतेम ०.१७ येतो, पूर्ण एकमताला तो एक असतो. आमची काही कौशल्ये याच अवस्थेत होती.

सर्वाधिक फरक ‘रुग्णाला स्ट्रेचरवर सुरक्षितपणे बांधणे’ येथे पडला होता. पत्रक पुन्हा पुन्हा वाचल्यावर दोष उमेदवारांत वा परीक्षकांत नसून ‘सुरक्षितपणे’ या शब्दात आहे, हे ध्यानात आले. एक परीक्षक पट्ट्यांचा घट्टपणा पाहत होता, दुसरा श्वासाची मोकळीक. त्या जागी आता डोळ्यांना दिसतील अशाच गोष्टी लिहिल्या आहेत : छातीवरचा पट्टा श्वास आत घेतल्यावर तपासला का, मानेवर कोणताही पट्टा येत नाही ना, डोके हलत नाही ना, पट्ट्यांची टोके अडकवून ठेवली का, आणि उचलण्याआधी रुग्णाशी बोलून त्याला काय होणार ते सांगितले का. ‘योग्य’, ‘पुरेसे’, ‘नीट’ हे शब्द संपूर्ण मसुद्यातून शोधून काढण्याचे काम दोघांनी घरी नेले आहे.

गुणांची बेरीजही बंद केली. अँकर न तपासता भार टाकणाऱ्याला नकाशावाचनातल्या चांगल्या गुणांनी तारून नेता येत नाही. काही चुका घडताक्षणी प्रात्यक्षिक थांबते, आणि त्यांची यादी उमेदवाराला आधीपासून माहीत असते.

२७ एप्रिल

शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असावा, असे व्यक्तींच्या प्रमाणनासाठीचे आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानक, ज्याची आम्ही वाचलेली आवृत्ती २०१२ ची आहे, निःपक्षपातीपणाच्या दृष्टीने सांगते. मोठ्या संस्थेत हे सोपे आहे. बारा माणसांच्या पथकात जो शिकवतो तोच बहुधा एकटा जाणकार असतो. म्हणून परीक्षक दुसऱ्या पथकातून येईल असे ठरवले. निकालाविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवली, आणि ती दाद मूळ परीक्षकापुढे जाणार नाही.

११ मे

आज एका सदस्येने सगळ्या घटकांच्या अपेक्षित तासांची बेरीज फळ्यावर लिहिली : २४० तास. महिन्यातले दोन पूर्ण दिवस, रोज आठ तास दिले तरी पंधरा महिने. नोकरी आणि घर सांभाळणारा माणूस पंधरा महिने केवळ शिकत राहणार नाही. तो पहिल्या चार महिन्यांत थांबेल, आणि जाताना आपण कमी पडलो असे समजून जाईल. चांगल्या हेतूने लिहिलेले मानक पथके रिकामी करू शकते, ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती.

कोणत्या भूमिकेला काय लागते, याची पुन्हा छाननी केली. तळावरच्या सहायकाला दोरकाम लागत नाही. संपर्काची शिस्त, नोंदी आणि स्वतःची सुरक्षितता एवढे पक्के हवे. शोधकाला तीव्र उतारावरची बचावयंत्रणा उभारता आली नाही तरी चालेल, पण त्या उताराच्या कडेला आपण कुठे थांबायचे हे कळले पाहिजे. अशा रीतीने शोधकाच्या पातळीसाठी ९६ तास उरले, म्हणजे सहा महिने. काही सदस्यांना हे कमी वाटते. मला वाटते की शोधमोहिमेत पहिल्या रात्री हजर असलेली, मर्यादित पण खात्रीची कौशल्ये असणारी वीस माणसे ही सर्व काही येणाऱ्या पाच माणसांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

२५ मे

नकाराची परीक्षा. मेक्सिकोतील १९८५ च्या भूकंपात पूर्वप्रशिक्षण नसलेल्या स्वयंसेवकांनी शेकडो लोकांना ढिगाऱ्यांतून बाहेर काढले, आणि ते करताना त्यांच्यापैकी शंभराच्या आसपास माणसांनी आपला जीव गमावला असे सांगितले जाते. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा खोली शांत होते, पण पुढच्याच सरावात तीच मुले सैल दगडांच्या घळीत धावत शिरतात.

म्हणून प्रात्यक्षिकात एक प्रसंग असा ठेवला की जेथे दिलेले काम करणे धोक्याचे आहे. तुकडीनायक, म्हणजे भूमिका करणारा परीक्षक, उमेदवाराला वरून दगड सुटत असलेल्या घळीत उतरायला सांगतो. खाली कोणीतरी हाक मारत असते. पहिल्या फेरीत बहुतेक सगळे उतरायला निघाले आणि त्यांना वेळीच थांबवावे लागले. नंतर विचारल्यावर ते म्हणाले की परीक्षा आहे म्हणजे करून दाखवायचेच असणार. हे ऐकून आम्ही स्वतःकडे पाहिले : एकाही पत्रकावर ‘नकार दिला’ या कृतीसाठी जागा नव्हती. आता आहे. उमेदवाराने धोका शब्दांत सांगायचा, नकार द्यायचा, आणि एवढ्यावर न थांबता दुसरा मार्ग सुचवायचा किंवा कोणती साधने आली म्हणजे उतरता येईल ते कळवायचे. नकार देणाऱ्यावर नंतर कोणी कटाक्षही टाकायचा नाही, ही अट पथकांच्या जबाबदारीत लिहिली आहे, कारण तो धडा परीक्षेत शिकवून मोहिमेत पुसला जाऊ शकतो.

८ जून

सायंकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत पथकाची सलग परीक्षा घेतली. प्रत्येक जण व्यक्तिशः उत्तीर्ण झालेला होता, तरी पहाटे पाळी बदलताना एका तुकडीचे ठिकाण नव्या शोधप्रमुखाला सांगायचे राहून गेले आणि ती तुकडी पाऊण तास कोणाच्याच नकाशावर नव्हती. जानेवारीत मांडायचा म्हटलेला प्रश्न येथे सुटला : व्यक्तीचे आणि पथकाचे अशी दोन्ही प्रमाणपत्रे स्वतंत्र राहतील. पाळी सोपवण्याचा एक पानी नमुना त्याच दुपारी तयार केला.

२२ जून

प्रमाणपत्राचा मजकूर ठरला. त्यावर भूमिका, धारकाला देखरेखीशिवाय कोणती कामे करता येतील, कोणती करता येणार नाहीत, आणि मुदतीची तारीख असेल. मुदत व्यक्तीला तीन वर्षे आणि पथकाला पाच वर्षे. शोधश्वान आणि पाण्यातील बचाव हे विषय या आवृत्तीत घेतलेले नाहीत, कारण त्यांसाठी आमच्यात पुरेसे जाणकार नाहीत.

६ जुलै

सुधारित मसुद्यावरची शेवटची चाचणी, वेगवेगळ्या पथकांतल्या उमेदवारांची मिश्र तुकडी करून घेतली. एकमेकांना कालपर्यंत न ओळखणारे सहा जण दुपारी विभागातून परतले. त्यांच्यातल्या सर्वांत नवख्या शोधकाने अहवाल दिला आणि तो मी शब्दशः उतरवून घेतला : “आमच्यात पंधरा मीटर अंतर होतं. उजेड चांगला होता. ईशान्येकडच्या काटेरी जाळीत आम्हाला शिरता आलं नाही, तिच्या दोन्ही बाजूंनी फक्त हाका मारल्या. तेवढा भाग न तपासलेला धरा.”

शोधप्रमुखाने नकाशावर ती जाळी रेखाटली आणि कोयते घेतलेली दुसरी तुकडी दहा मिनिटांत तिकडे रवाना केली.